शिकाऊ हात कुणाच्या अंगावर?

मंडळी, आज राजकारण नाही. पालकमंत्री नाही, वाळू नाही, रेल्वेही नाही. ज्यांना तेवढंच वाचायचंय त्यांनी ही पोस्ट सोडून दिली तरी राग नाही. पण घरात म्हातारं माणूस असेल, पोटुशी लेक-सून असेल, नाहीतर दावणीला गाय असेल, तर शेवटपर्यंत वाचा. विषय तुमचाच आहे.

गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. उन्हाळ्याचे दिवस. जुलाब-उलट्यांनी माय पार निपचित पडली होती. रात्री अकराच्या सुमाराला तिला एका सरकारी दवाखान्यात नेलं. कोणत्या, ते सांगत नाही. नाव घेतलं की कमेंटमध्ये त्या दवाखान्याचं माप निघतं आणि मुद्दा बाजूला राहतो. ड्युटीवर एक पोरगेला डॉक्टर होता, मिसरूड फुटलेलं. सलाइन लावायची होती. अंगातलं पाणी गेलं की शिरा आत बसतात, त्यात माय म्हणजे नुसता हाडाचा सापळा. पोरानं डाव्या हातावर टोचलं, शीर सापडली नाही. मनगटापाशी टोचलं, रक्त दिसलं आणि लगेच तिथं टेंगूळ आलं. मग उजवा हात. एकदा, दोनदा, तीनदा. पोराच्या कपाळावर घाम, हात थरथरायला लागलेला.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. खिशात ओळखपत्र आणि डोक्यात हवा. मी आवाज चढवला. तर माय डोळे न उघडताच म्हणाली, "वरडू नकू रं त्याच्यावर. लेकरू शिकायलंय. शिकल्याबिगर कसं यील त्याला?"

तेवढ्यात पलीकडच्या वॉर्डातून एक वयस्कर सिस्टर आल्या. "आजी, मूठ आवळा," म्हणाल्या. दोन बोटांनी कोपराच्या खोबणीत चाचपलं, नजर माझ्याकडे, बोलणं पोराशी, आणि सुई एका झटक्यात आत. पोरानं विचारलं, "सिस्टर, कसं कळलं?" त्या म्हणाल्या, "डोळ्याला नाही कळत बाबा ते. बोटाला कळतं."

माय वाचली. पुढं नऊ वर्षं जगली. तो पोरगा आता कुठंतरी चांगला डॉक्टर असेल, असावाच. त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मायनं त्याला शिकायची परवानगी दिली खरी, पण ती तिला कुणी मागितली नव्हती. त्या पोराचे पहिले पाच चुकलेले नेम माझ्या मायच्या अंगावर गेले, कारण ती फुकटच्या खाटेवर होती. पैसेवाल्याच्या आईला त्याच रात्री गाडीत घालून लातूरला किंवा संभाजीनगरला नेलं असतं, आणि तिथं तिच्या शिरेला हात लावणारा माणूस आधीच कुणाच्यातरी मायवर शिकून तयार झालेला असता.

ही काही माझ्या घरची एकट्याची गोष्ट नाही. वैद्यकीय शिक्षणाची रीतच जगभर अशी चालत आली. बघा, करा, दुसऱ्याला शिकवा. आणि "करा" हे ज्याच्यावर करायचं, तो बहुतेक वेळा धर्मादाय नाहीतर सरकारी दवाखान्यातला गरीब. आपल्या जिल्ह्यात तर हे लपूनही नाही. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि २०१९ मध्ये आकडा बाहेर आला. तपासणी केलेल्या ८२ हजार ३०९ बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली. तो विषय वेगळा आहे, त्यात शिकाऊ हात नव्हते, चांगले शिकलेले हात होते. पण गरीब बाईच्या अंगाची किंमत आपण काय लावतो, ते त्यात दिसलं. म्हणून सांगितलं.

आता मूळ मुद्दा. सिम्युलेटर.

शब्द मोठा आहे, गोष्ट साधी आहे. खऱ्याचं सोंग. पायलटला विमान द्यायच्या आधी खोट्या कॉकपिटमध्ये बसवतात, हे आपण सगळ्यांनी सिनेमात पाहिलंय. परळीच्या थर्मलमध्ये ज्यांची हयात गेली त्यांना तर हा शब्द नवा नाहीच. नागपूरजवळ कोराडीला महानिर्मितीचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं वीज संचाच्या कंट्रोल रूमची हुबेहूब नक्कल आहे. बॉयलर खोटा, पण अलार्म खरा वाटतो. चूक झाली तर संच बंद पडतो तो फक्त स्क्रीनवर. म्हणजे यंत्र जळू नये म्हणून खोट्या यंत्रावर शिकायचं, हे आपल्याला पटलेलं आहे. माणूस जळू नये म्हणून खोट्या माणसावर शिकायचं, हे मात्र अजून उत्साहाचा, उद्घाटनाचा विषय आहे.

आणि माणसाच्या बाबतीत नुसतं दिसून भागत नाही. मोबाइलवर हजार व्हिडिओ आहेत, सलाइन कशी लावायची, टाके कसे घालायचे, बाळंतपण कसं करायचं. पाहून येत असतं तर आयपीएल बघणारा अख्खा गाव बॅट्समन झाला असता. सिस्टर म्हणाल्या तेच खरं. सुई कातडीतून जाते तेव्हा आधी अडते, मग एकदम सैल होते. ते "सैल होणं" बोटाला कळतं. पाठीच्या मणक्यात भूल देणारा डॉक्टर सुईमागून येणारा विरोध कधी सुटतो, याचीच वाट बघत असतो. बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवला की गर्भाशय चेंडूसारखं टणक झालंय की कणकेसारखं मऊ पडलंय, हे हाताला कळतं. मऊ असेल तर आतून रक्त चाललंय. आपली भाषा हे कधीच ओळखून आहे. हात बसला, हातखंडा, हातोटी, हातगुण, अमक्या सिस्टरचा हात हलका. आपण "डोळा बसला" म्हणत नाही.

म्हणून आता जे नवे सिम्युलेटर येतायत त्यांत स्पर्शाचा प्रतिसाद असतो. त्याला हॅप्टिक म्हणतात. हातातल्या अवजाराला आतून बारीक मोटर जोडलेली असते, ती तुमच्या हाताला उलट ढकलते. स्क्रीनवर हाड आलं की हाताला हाड लागतं, चरबी आली की बुळबुळीत लागतं. हे किती अवघड आहे बघा. ऑपरेशनचा तो प्रसिद्ध दा विंची रोबोट २००० साली अमेरिकेत मान्य झाला. त्यानंतर वीस वर्षांहून जास्त काळ जगभरचे सर्जन त्यावर हाताला काही न लागता, नुसतं डोळ्यानं बघून काम करत होते. ओढलेला टाका किती ताणलाय ते धाग्याकडे बघून ओळखायचं. जोर हाताला जाणवून देणारी त्याची पुढची आवृत्ती आली ती २०२४ मध्ये. कोट्यवधीच्या यंत्राला जे उशिरा जमलं, ते आपल्या सिस्टरच्या दोन बोटांत होतं.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती, ते मला एका गायीनं समजावलं. हसू नका. गाय गाभण आहे की नाही हे बघायला गुरांचा डॉक्टर कोपरापर्यंत हात घालतो, हे आपण लहानपणापासून बघतो. आता विचार करा, नवशिक्याला हे शिकवायचं कसं? हात पोराचा आत, मास्तर बाहेर. पोराच्या बोटाखाली काय आहे ते मास्तरला दिसत नाही, आणि मास्तर सांगतोय ते पोराला सापडत नाही. "सापडलं का?" "हो सर." सापडलेलं नसतंच. गाय बिचारी अस्वस्थ, मालकाचं तोंड वाकडं. ब्रिटनमध्ये सारा बेली नावाच्या पशुवैद्यक बाईंनी यावर खोटी गाय तयार केली, हॅप्टिक काऊ. गायीचा मागचा अर्धा भाग, आत बोटाला जोडलेलं यंत्र, आणि बाहेर स्क्रीन. पोराचं बोट आत नेमकं कुठं आहे ते मास्तरला बाहेर दिसतं, आणि गर्भाशय, अंडाशय पोराच्या बोटाला लागतं. मास्तर म्हणू शकतो, "अजून डावीकडं, हां, आता दाब." स्पर्श ही अशी गोष्ट आहे की ती दुसऱ्याला दाखवता येत नाही. या यंत्रानं ती दाखवता आली. मला तरी यात यंत्रापेक्षा मास्तरचं काम सोपं झालं, हे जास्त मोलाचं वाटतं.

आणि ऐका, त्याच बाईंनी पुढं स्वस्त मॉडेलांवरही बरंच काम केलं. साध्या, बाजारात मिळणाऱ्या वस्तूंपासून शिकायची साधनं कशी बनवायची ते दुसऱ्यांना दाखवलं. कारण महागडं यंत्र एक असतं आणि पोरं शंभर.

२०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं परळीला पशुवैद्यकीय महाविद्यालय मंजूर केलं. आनंद आहे. इमारतीचं डिझाइन, कमान, पुतळा, सगळं होईल. खोट्या गायींची एक खोली पहिल्या यादीत आहे का, एवढं कुणीतरी विचारा. नाहीतर आपल्याच गोठ्यातली गाय पहिल्या वर्षीच्या पोरांचं पाठ्यपुस्तक होणार.

आता कुणीतरी म्हणेल, ही सगळी इंग्रजांची थेरं. नाही हो. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानात नववा अध्याय यावरच आहे. त्याला योग्या म्हणजे सराव असं म्हटलंय. कापायचं शिकायचं तर कोहळ्यावर, दुध्या भोपळ्यावर, कलिंगडावर, काकडीवर. शीर टोचायची तर मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. खरवडायचं तर केसाळ कातड्यावर. किडक्या लाकडात, वेळूच्या नळीत सळई घालून आतला मार्ग चाचपायचा. टाके जाड कापडावर नि मऊ कातड्यावर. पट्टी बांधायची ती बाहुल्याच्या हातापायांवर. सगळं शास्त्र पाठ असलं तरी सरावाशिवाय वैद्य कामाचा नाही, असा त्याचा भाव. तो काही फक्त "कापा" म्हणत नाही. कशासाठी कोणती वस्तू, हे तो स्पर्शावरून ठरवतो. शिरेला कमळाचा देठ का? कारण बाहेरून कातडी, आत पोकळ. हाताला तसंच लागतं. आजचे इंजिनिअर मोटर लावून जे करतात ते त्यानं परसातल्या वेलावर केलं.

लगेच छाती फुगवू नका मात्र. "आपल्याकडे सगळं होतं" म्हणून फॉरवर्ड करायचं आणि दवाखान्यात पोराला म्हाताऱ्या मायच्या हातावर सोडायचं, यात सुश्रुताची कसली शान? त्याला कोहळा परवडला, आपल्याला परवडत नाही, असं तर नाही ना.

फ्रान्समध्ये अठराव्या शतकात मादाम द्यु कुद्रे नावाची सुईण होऊन गेली. बाळंतपणात बाया आणि लेकरं मरत होती, आणि खेड्यातल्या सुईणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. या बाईनं कापड, चामडं, आत हाडं असं घालून बाईच्या ओटीपोटाचा बाहुला शिवला, त्यात बाळ, नाळ, सगळं. १७५९ मध्ये राजानं तिला फर्मान दिलं, आणि ती पुढची वीस-पंचवीस वर्षं तो बाहुला गाडीत घालून गावोगाव फिरली, हजारो बायकांना शिकवलं. हातानं आत चाचपायचं, बाळ पायाळू आहे की डोक्याकडून, ते ओळखायचं. तिचा एक बाहुला रुआँ शहराच्या संग्रहालयात आजही आहे. मला यात राजापेक्षा ती गाडी महत्त्वाची वाटते. बाहुला खेड्यात गेला. खेड्यातल्या बाईला राजधानीत बोलावलं नाही.

आपल्याकडे उलटं आहे.

आता अंबाजोगाईवर येतो. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. सत्तरच्या दशकात आपल्या मातीत उभं राहिलं, आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून आपण आजही छातीवर हात ठेवून सांगतो, आणि सांगायलाच हवं. बीडच नाही, लातूर, परभणी, धाराशिवकडच्या किती गरिबांचे जीव तिथं वाचले याची मोजदाद नाही. त्या नावातला "ग्रामीण" हा शब्द फक्त पत्त्यासाठी नव्हता. खेड्यातल्या माणसासाठी डॉक्टर तयार व्हावा, हा विचार होता. म्हणूनच मला वाटतं, खेड्यातल्या माणसाच्या अंगावर पहिला हात चुकू नये, याची सुरुवातही तिथूनच व्हावी. दुसरं कोण करणार? मुंबई?

नियमाची अडचण नाही. २०१९ च्या बॅचपासून देशभरात एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. पाठांतरापेक्षा काम येतंय का, यावर जोर आला. आधी बघ, मग मदत कर, मग स्वतः कर, अशा पायऱ्या लावल्या. प्रत्येक मेडिकल कॉलेजात स्किल लॅब असणं आवश्यक झालं. पोरांना लॉगबुक आलं. कागदावर सगळं छान आहे. प्रश्न कागदाच्या पलीकडचा आहे.

मागं एका बातमीच्या निमित्तानं एका सरकारी प्रशिक्षण केंद्रात गेलो होतो. कुठल्या, ते पुन्हा सांगत नाही, आणि ते मेडिकल कॉलेज नव्हतं एवढं सांगतो, उगाच बोट नको दाखवायला. "स्किल लॅब" अशी पाटी. कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते बाबू लग्नाला गेलेले. दुसऱ्या दिवशी गेलो, उघडली. आत टेबलावर डमी, अंगावर प्लास्टिकची पिशवी तशीच, गळ्यात कंपनीचं लेबल. वर भिंतीवर उद्घाटनाचा फ्लेक्स, फीत कापताना आठ माणसं. मी विचारलं, "वापरता का?" म्हणाले, "वापरतो ना, तपासणी असली की काढतो. एरवी खराब होईल म्हणून ठेवलीय. रेकॉर्डला आहे ती, काही झालं तर माझ्या पगारातून जाईल."

बघा मंडळी, त्या माणसाचंही चुकलं नाही. त्याच्या दृष्टीनं डमी फाटणं हा गुन्हा आहे. डमीचा जन्मच फाटायसाठी आहे, हे त्याला कुणी सांगितलं नाही. आपण रबराच्या हाताला जपतो आणि रक्तामांसाचा हात सरावाला देतो.

ही गोष्ट मी एका निवृत्त सिस्टरना सांगितली. त्यांनी चाळीस वर्षं बाळंतपणं केलीत. त्या हसल्या. म्हणाल्या, आमच्या वेळी लॅब कुठली दादा, इंजेक्शन संत्र्यावर शिकलो. पुढं त्यांच्याकडे नव्या पोरी शिकायला आल्या तेव्हा त्यांनी पुठ्ठ्याला एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत भोकं पाडली आणि पुठ्ठा कापडी पिशवीत घातला. पोरींनी न बघता पिशवीत दोन बोटं घालून सांगायचं, किती सेंटिमीटर. पिशवीचं तोंड किती उघडलंय हे बाळंतपणात बोटांनीच मोजायचं असतं. "दहा-दहा वेळा चुकायच्या पोरी. चुकू द्यायचे. पुठ्ठ्याला काय दुखतंय?" खर्च शून्य. हाही सिम्युलेटरच, आणि यातही स्पर्शाचा प्रतिसाद आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. महागड्या यंत्राला विरोध नाही, पण यंत्राच्या किमतीला मी सराव समजत नाही. छाती दाबून जीव वाचवायचं शिकवणारा बाहुला घ्या. नॉर्वेतल्या एका खेळणी बनवणाऱ्यानं, लार्डाल त्याचं नाव, १९६० मध्ये तो आणला. आज त्यातल्या साध्या बाहुल्यातही छाती पुरेशी, म्हणजे पाच सेंटिमीटर, दाबली गेली की "खट्" होतं. तो खट् आवाज, हाताला लागणारा तो ठोका, एवढाच प्रतिसाद. जोर किती लावायचा ते त्यातून हातात बसतं. असा बाहुला एका जिल्ह्याला एक ठेवून काय उपयोग? तो प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहिजे, एसटी डेपोत पाहिजे, कारखान्यावर पाहिजे.

सगळ्यात जास्त गरज कुठंय, तेही सांगतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. आपल्या देशात बाळंतिणीच्या मृत्यूचं हे सगळ्यात मोठं कारण. आणि हा प्रसंग रोज येत नाही. लहान आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला वर्षात कधीतरी एखादा येतो, आणि येतो तेव्हा हातात मोजकी मिनिटं असतात. जो प्रसंग क्वचित येतो तो प्रसंगाची वाट बघून शिकता येत नाही. त्यासाठीही एक साधं साधन आहे, मामानॅटली. शिकवणारी बाई ते पोटाला बांधते, आत पिशवी, लाल पाणी, रबरी गर्भाशय. रक्त किती सोडायचं ते तिच्या हातात. शिकणारीनं पोटावर दाबून, चोळून गर्भाशय टणक होतंय का ते बघायचं, औषध सांगायचं, घाबरलेल्या नातेवाइकाशी बोलायचंसुद्धा. आपल्या हजारो बाया दसरा-दिवाळीनंतर पोटातलं लेकरू घेऊन कोयत्यावर जातात, सांगली-कोल्हापूरला, कर्नाटकात. कोपीत नाहीतर जवळच्या केंद्रात बाळंत होतात. त्या केंद्रातल्या सिस्टरचा हात त्या रात्री बसलेला असावा, एवढंच.

माझा एक डॉक्टर मित्र हे सगळं ऐकून म्हणाला, "भाऊ, डमी ओरडत नाही. डमीचा नवरा दारात उभा नसतो. खरं शिक्षण पेशंटवरच होतं." खोटं नाही. मी त्याला म्हटलं, पेशंटवर शिकू नका असं मी म्हणतच नाही. मायनं परवानगी दिलीच होती की. मी एवढंच म्हणतो, पहिल्या पाच चुका डमीवर करा आणि सहावा नेम घेऊन मायकडे या. तो गप्प बसला, मग म्हणाला, आम्हाला शिकवायला माणूस कुठंय? जागा रिकाम्या आहेत. हा मुद्दा मात्र त्याचा खरा आहे. डमीशेजारी चुका दाखवणारा माणूस नसेल तर पोरगा चुकीचंच पक्कं करतो. हात चुकीचाही बसतो.

जाता जाता दवाखान्याबाहेरचं. २०२५ मध्ये बीडसाठी टाटा टेक्नॉलॉजीजच्या मदतीनं सीआयआयआयटी हे कौशल्य केंद्र जाहीर झालं. १९१ कोटींचा आकडा बातम्यांत छापून आला, आम्हीच छापला. चांगलं आहे. पण तिथं आपल्या पोरांना काय शिकवणार, हे जिल्ह्यानं ठरवायला नको? केरळात अमृता विद्यापीठाच्या अम्माची लॅब्जनं हॅप्टिकचा वापर करून खेड्यातल्या बायकांना प्लंबिंग शिकवायचा प्रयोग केला. आपल्याकडे ऊसतोडणीला हार्वेस्टर आलेत. मशीन कोटीच्या घरातली, मालक शिकाऊ पोराला जवळ फिरकू देत नाही, आणि ज्याच्या बापाचा कोयता त्या मशीननं काढून घेतला त्याच पोराला ती चालवायची संधी नाही. हार्वेस्टरचा सिम्युलेटर बीडमध्ये नाही ठेवायचा तर कुठं ठेवायचा? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळानं एवढं मनावर घ्यावं.

आणि एसटी. ९ डिसेंबर २०२४ ला मुंबईत कुर्ल्यात बेस्टच्या इलेक्ट्रिक बसनं माणसं चिरडली. प्रकरण कोर्टात आहे, दोष कुणाचा ते कोर्ट बघेल. पण क्लच-गिअरवर बसलेल्या पायाला बिनगिअरच्या गाडीची ओळख किती दिवस करून दिली होती, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनीच विचारला. एसटीतही ई-बस आल्यात. पायाचीही सवय असते, ती आदेश काढून बदलत नाही.

तर मी काय केलंय ते सांगतो. जिल्ह्यातल्या आरोग्य आणि तांत्रिक प्रशिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थांकडे माहिती अधिकारात अर्ज टाकलेत. प्रश्न चारच. सरावाची साधनं कोणती आहेत. गेल्या वर्षात ती किती तास वापरली गेली. कोणी वापरली, म्हणजे डॉक्टर, नर्स, एएनएम, आयटीआयची पोरं, यांची नोंद. आणि वापरून किती साधनं फाटली, मोडली. हा चौथा प्रश्न वाचून एक बाबू म्हणाले, "पत्रकार साहेब, आमच्याकडे एकही मोडलं नाही, लिहून देतो." मी म्हटलं, तेच लिहून द्या.

उत्तरं आली की जशीच्या तशी इथं टाकतो. तोपर्यंत तुमच्यापैकी कुणी नर्सिंगला, मेडिकलला, आयटीआयला शिकत असेल, तर कमेंटमध्ये एवढंच लिहा: तुमचा पहिला हात कशावर पडला? संत्र्यावर, डमीवर, की कुणाच्या मायवर? संस्थेचं नाव लिहू नका.